डायलिसिस पुरेसे होते आहे का? मोजमापाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात राहणाऱ्या आणि देवास, महू, उज्जैन, खरगोन येथून डायलिसिससाठी इंदुरात येणाऱ्या मराठी कुटुंबांकडून रिपोर्टमधील आकड्यांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. केंद्रातले बोलणे हिंदीत होते, रिपोर्ट इंग्रजीत मिळतो आणि त्यावरची चर्चा घरी मराठीत होते. या तीन टप्प्यांत पुष्कळ गोष्टी निसटतात. उत्तरे प्रौढ रुग्णांना धरून लिहिली आहेत. डायलिसिसची वेळ, औषधे किंवा ड्राय वेट (जादा पाणी काढून झाल्यावरचे वजन) यांत कोणताही बदल नेफ्रॉलॉजिस्टांशी (मूत्रपिंडाच्या डॉक्टरांशी) बोलल्याशिवाय करू नये.

१. डायलिसिस पुरेसे होते आहे की नाही, हे पाहताना नेमके काय मोजतात?

रक्तात साठणाऱ्या अनेक टाकाऊ पदार्थांपैकी युरिया हा एक पदार्थ निवडून, एका डायलिसिसमध्ये तो किती प्रमाणात निघून गेला, हे मोजतात. युरिया स्वतः फार विषारी नसतो. परंतु त्याचा रेणू लहान असतो, तो शरीरातील सर्व पाण्यात पसरलेला असतो आणि त्याची तपासणी कोणत्याही प्रयोगशाळेत स्वस्तात होते, म्हणून त्याला खुणेचा पदार्थ मानले गेले. या मोजणीतून दोन आकडे निघतात. एक युआरआर, म्हणजे युरिया किती टक्क्यांनी घटला याचे प्रमाण (प्रश्न २), आणि दुसरा केटी बाय व्ही (प्रश्न ३). शरीरातील जादा पाणी, फॉस्फरस, पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि रुग्णाचे खाणेपिणे या गोष्टी या दोन आकड्यांत येत नाहीत. त्या वेगळ्या पाहाव्या लागतात.

२. युआरआर घरी काढता येतो का?

येतो, आणि प्रत्येक कुटुंबातील एका तरी माणसाला तो काढता यावा. डायलिसिसच्या आधीच्या युरियातून नंतरचा युरिया वजा करावा, आलेल्या संख्येला आधीच्या युरियाने भागावे आणि १०० ने गुणावे. आधीचा युरिया १४० आणि नंतरचा ४२ असेल, तर ९८ भागिले १४०, म्हणजे ७० टक्के. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस घेणाऱ्या रुग्णासाठी ६५ टक्के ही किमान मर्यादा मानतात. बहुतेक डॉक्टर ७० टक्क्यांच्या आसपास आकडा असावा असे पाहतात.

काही प्रयोगशाळा युरिया देतात, तर काही बीयूएन, म्हणजे युरियातील फक्त नायट्रोजनचे प्रमाण. बीयूएनला २.१४ ने गुणले की युरिया मिळतो. टक्केवारी काढताना कोणताही एक चालतो. मात्र आधीचा आकडा युरियाचा आणि नंतरचा बीयूएनचा घेतला, तर उत्तर साफ चुकते. दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत नमुने दिले असतील, तर रिपोर्टवरील नाव वाचूनच हिशेब करावा.

३. केटी बाय व्हीमधील अक्षरांचा अर्थ काय?

‘के’ म्हणजे डायलायझर (मशीनवरील रक्त गाळणारी नळकांडी) दर मिनिटाला किती रक्त युरियापासून पूर्णपणे मुक्त करतो ते प्रमाण, ‘टी’ म्हणजे डायलिसिस प्रत्यक्षात चाललेला वेळ आणि ‘व्ही’ म्हणजे शरीरातील ज्या पाण्यात युरिया पसरलेला आहे ते एकूण पाणी. समजा, डायलायझर मिनिटाला २०० मिलिलिटर रक्त साफ करतो आणि डायलिसिस २४० मिनिटे चालते; म्हणजे ४८ लिटर रक्त साफ झाले. रुग्णाचे वजन ५५ किलो असून शरीरातील पाणी सुमारे ३३ लिटर आहे. ४८ ला ३३ ने भागले की १.४५ हा आकडा मिळतो. आठवड्यातून तीन वेळा होणाऱ्या डायलिसिससाठी दर वेळी किमान १.२ मिळालाच पाहिजे आणि नियोजन १.४ चे असावे, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. नियोजन वरचे ठेवण्याचे कारण इतकेच, की प्रत्यक्षात काही ना काही कमी पडतेच.

अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाच्या आकड्यांची फेरमांडणी करून फ्रँक गॉच आणि जॉन सार्जंट यांनी १९८५ मध्ये हे माप पुढे आणले. रोजच्या वापरात मात्र ‘के’ आणि ‘व्ही’ वेगवेगळे मोजत बसत नाहीत. जॉन डाउगिर्डास यांच्या १९९३ च्या सूत्राने युरियाच्या दोन आकड्यांवरूनच हिशेब होतो. हिशेबाची आवड असलेल्यांसाठी तो असा: नंतरच्या युरियाला आधीच्या युरियाने भागून जी संख्या येते तिला ‘आर’ म्हणू. ‘आर’मधून ०.००८ गुणिले डायलिसिसचे तास वजा करून उत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम घ्यावा आणि त्याचे चिन्ह उलटे करावे. त्यात (४ − ३.५ × आर) × (काढलेले पाणी लिटरमध्ये ÷ नंतरचे वजन) हे मिळवावे. प्रश्न २ मधील रुग्णाचा ‘आर’ ०.३ आहे, त्याचे अडीच लिटर पाणी चार तासांत काढले असेल आणि नंतरचे वजन ५५ किलो असेल, तर उत्तर १.४५ येते.

४. युआरआर इतका सोपा असताना केटी बाय व्ही कशाला हवा?

कारण पाण्याबरोबर निघून गेलेला युरिया युआरआरमध्ये मोजला जात नाही. पाणी काढताना त्यात विरघळलेला युरियाही बाहेर जातो, परंतु रक्तातील त्याची तीव्रता तेवढ्याने बदलत नाही. चार तासांचे डायलिसिस घेणाऱ्या दोन रुग्णांचा युआरआर ६५ टक्केच आहे असे समजू. एकाचे पाणी काढलेच नाही, तर त्याचा केटी बाय व्ही साधारण १.१५ येतो, म्हणजे किमान मर्यादेच्या खाली. दुसऱ्याचे वजन ५० किलो आणि काढलेले पाणी ३ लिटर असेल, तर तो साधारण १.३ येतो. ६५ टक्क्यांच्या आसपास अडकलेल्या रुग्णांसाठी हा फरक निर्णायक असतो. ७५ टक्के असलेल्यांनी त्यात फार डोके घालण्याची गरज नाही.

५. बाबांचे क्रिएटिनिन ११ आहे आणि शेजारच्या बेडवरील काकांचे ५. मग बाबांचे डायलिसिस कमी पडते आहे का?

असा निष्कर्ष काढता येत नाही. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होते, त्यामुळे अंगाने भरलेल्या आणि नीट जेवणाऱ्या माणसाचे क्रिएटिनिन डायलिसिसपूर्वी जास्तच असते. त्या काकांचे ५ हे चांगल्या डायलिसिसमुळे असेल, किंवा मूत्रपिंडे थोडी काम करत असल्यामुळे, किंवा स्नायू झिजल्यामुळेही असेल. डायलिसिसवर असलेल्या रुग्णाचे क्रिएटिनिन महिन्यागणिक घसरत असेल आणि वजनही उतरत असेल, तर ती आनंदाची नव्हे, विचारण्याची गोष्ट आहे. आपल्याकडे क्रिएटिनिन हाच एक आकडा सगळ्यांना पाठ असतो आणि वेटिंग हॉलमध्ये त्याचीच तुलना चालते. ती सोडून दिलेली बरी.

६. तपासणीसाठी रक्ताचा नमुना कधी आणि कसा घ्यायला हवा?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचे उत्तर हेच आहे, कारण चुकीच्या वेळी घेतलेल्या नमुन्यावरून काढलेला केटी बाय व्ही दशांशापर्यंत अचूक दिसला तरी निरुपयोगी असतो.

पहिला नमुना सुई लावल्याबरोबर, सलाइन किंवा हेपरिन (रक्त गोठू न देणारे औषध) नळीत जाण्यापूर्वी घेतला पाहिजे. रुग्णाला कॅथेटर (मोठ्या शिरेत बसवलेली नळी) असेल, तर त्यात भरून ठेवलेले हेपरिन आणि थोडे रक्त आधी काढून टाकावे लागते. अन्यथा नमुना पातळ होतो, आधीचा युरिया खोटाच कमी दिसतो आणि युआरआरही विनाकारण खाली येतो.

दुसऱ्या नमुन्यात अधिक घोटाळे होतात. शिफ्ट संपण्याची वेळ ही केंद्रातली सर्वांत गडबडीची वेळ असते: तीन-चार मशीनचे बझर एकदम वाजू लागतात, बाहेर दुसऱ्या शिफ्टचे रुग्ण वजनकाट्यापाशी उभे असतात आणि टेक्निशियनच्या हातात एकाच वेळी सिरिंज, चिकटपट्टी आणि बीपीचा पट्टा असतो. अशा वेळी रक्त परत देऊन झाल्यावर ‘अरे, सॅम्पल रह गया’ असे म्हणून व्हीनस बाजूच्या, म्हणजे साफ रक्त शरीरात परत नेणाऱ्या, सुईतून नमुना घेतला जातो. त्यात नुकतेच साफ झालेले रक्त किंवा सलाइन मिसळलेले असते आणि युरिया खोटाच कमी येतो. योग्य पद्धत अशी, की वेळ पूर्ण झाल्यावर पाणी काढणे बंद करावे, पंपाचा वेग मिनिटाला १०० मिलिलिटरवर आणावा, साधारण १५ सेकंद थांबावे आणि मग आर्टेरियल नळीतून, म्हणजे रक्त शरीरातून मशीनकडे नेणाऱ्या नळीतून, नमुना घ्यावा. त्यानंतरच रक्त परत द्यावे.

दोन्ही नमुने एकाच डायलिसिसचे असले पाहिजेत. घरी गेल्यावर संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी घरपोच तपासणी करून ‘नंतरचा’ नमुना देणाऱ्या कुटुंबांची संख्या कमी नाही. तो आकडा या हिशेबात वापरता येत नाही. पेशींमधील युरिया डायलिसिसनंतर अर्ध्या-पाऊण तासात रक्तात परततो आणि पुढे जेवणातून नवा तयार होत राहतो, म्हणून त्या नमुन्यावरून डायलिसिस आहे त्यापेक्षा वाईट दिसते.

७. या वेळी युआरआर एकदम ८५ टक्के आला. पेढे वाटावेत का?

आधी नमुन्याची चौकशी करावी. मागील चार-पाच महिने ६८ ते ७० टक्के येत असताना वेळ, पंपाचा वेग आणि डायलायझर यांपैकी काहीही न बदलता आकडा १५ टक्क्यांनी वाढत नाही. नंतरचा नमुना पातळ झाला असेल, किंवा साफ झालेलेच रक्त पुन्हा मशीनकडे खेचले जात असेल. हा दुसरा प्रकार, म्हणजे रिसर्क्युलेशन, दोन कारणांनी होतो: सुया किंवा नळ्या उलट जोडल्या जाणे, अथवा फिस्टुला (डायलिसिससाठी हातातील धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) अरुंद झाल्यामुळे त्यातील प्रवाह पंपाला पुरेनासा होणे. पंपाचा वेग कमी करून थांबण्याची जी पद्धत प्रश्न ६ मध्ये दिली आहे, ती याच मिसळलेल्या रक्तासाठी आहे. ती पाळली नाही, तर प्रत्यक्षात कमी साफ झालेल्या रुग्णाचा रिपोर्ट उत्तम दिसतो. संशयास्पद चांगला आकडा वाईट आकड्याइतकाच तातडीने पुन्हा तपासावा, असे माझे मत आहे.

८. केटी बाय व्ही १.० आला आहे. चूक कोणाची, आणि सुरुवात कोठून करावी?

नमुना योग्य होता याची खात्री झाल्यावर सर्वप्रथम वेळ पाहावी. डायलिसिस चार तासांचे आहे असे सगळेच सांगतात. प्रत्यक्षात शिफ्ट उशिरा सुरू होते, बीपी उतरल्यावर किंवा अलार्म वाजल्यावर पंप थांबतो, आणि शेवटची वीस मिनिटे ‘भैया, अब निकाल दो, बस छूट जाएगी’ या विनंतीवर सोडून दिली जातात. २४० ऐवजी २१० मिनिटे झाली, तर वेळेचा आठवा भाग गेला आणि १.४ च्या जागी साधारण १.२ उरला. देवास-महूच्या रुग्णांची बसची अडचण खरी आहे. तरीही दर वेळी अर्धा तास सोडण्यापेक्षा शिफ्ट बदलून मागणे हिताचे ठरते.

त्यानंतर पंपाचा वेग पाहावा. बहुतेक प्रौढांमध्ये तो मिनिटाला ३०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक ठेवण्याचा प्रयत्न असतो. पडद्यावर ३०० दिसते म्हणून तेवढे रक्त जातेच, असे नाही. सुई बारीक असेल किंवा तिचे टोक रक्तवाहिनीच्या भिंतीला टेकले असेल, तर मशीनवरील आर्टेरियल दाब उणे २०० च्याही खाली जाऊ लागतो आणि प्रत्यक्ष प्रवाह दाखवलेल्यापेक्षा कमी पडतो. सुईचा गेज क्रमांक जितका लहान, तितकी सुई जाड. १७ गेजच्या सुईतून मोठा वेग मिळण्याची अपेक्षा करू नये.

मग फिस्टुला. हातावर बोटे ठेवल्यावर जाणवणारी थरथर कमी झाली आहे का, हात सुजतो का, सुई काढल्यावर रक्त थांबायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो का, हे घरच्यांनाच आधी कळते. दोन-तीन महिने आकडा हळूहळू उतरत असेल आणि यांपैकी एखादे लक्षण असेल, तर डॉपलर तपासणीविषयी (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीविषयी) डॉक्टरांना विचारावे. फिस्टुला पूर्ण बंद पडल्यानंतर उपाय कठीण होतो. मानेतील कॅथेटरमधून मिळणारा प्रवाह बहुधा फिस्टुलापेक्षा कमी असतो, त्यामुळे त्या रुग्णांना वेळ वाढवून द्यावी लागू शकते.

डायलायझरचा आकार आणि त्याचा पुनर्वापर हे शेवटी येतात (प्रश्न ९). डायलिसेटचा, म्हणजे डायलायझरमधून वाहत टाकाऊ पदार्थ घेऊन जाणाऱ्या द्रवाचा, प्रवाह मिनिटाला ५०० मिलिलिटरवरून ८०० केल्याने आजच्या डायलायझरमध्ये फारसा लाभ होत नाही. त्यासाठी हट्ट धरण्यात अर्थ नाही.

९. डायलायझर धुऊन पुन्हा वापरतात. त्याने आकडा घसरतो का?

नियमाने केलेल्या पुनर्वापरात युरियाची सफाई फारशी घटत नाही. डायलायझरमधील काही तंतू दर वेळी गुठळ्यांनी बंद होतात, म्हणून प्रत्येक धुण्यानंतर त्यात किती द्रव मावतो हे मोजतात; मूळ मापाच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी भरल्यास तो टाकून द्यायचा असतो. डायलायझरवर रुग्णाचे नाव आहे का, आजचा वापर कितवा आहे आणि आजचे माप किती भरले, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. मापाची वहीच नसेल, तर अडचण पुनर्वापराची नसून न मोजण्याची आहे.

१०. आम्ही आठवड्यातून दोनदाच जातो. दर वेळी १.४ येतो, म्हणजे आठवड्याचे २.८ झाले ना?

नाही, हे आकडे असे बेरजेत धरता येत नाहीत. पहिल्या दोन तासांत युरिया वेगाने उतरतो, पुढे काढण्यासारखे कमी उरते. उलट दोन डायलिसिसमधील प्रत्येक तासाला नवा युरिया साठतच असतो. सकाळी अंगण दोनदा झाडले म्हणून पुढचे तीन दिवस पाने पडायची थांबत नाहीत. म्हणूनच आठवड्याचा हिशेब करण्यासाठी स्टँडर्ड केटी बाय व्ही हे वेगळे माप आहे. त्यात २.३ चे नियोजन असावे आणि प्रत्यक्षात किमान २.१ मिळावेत, असे धरतात. मूत्रपिंडांचे काम पूर्ण थांबलेल्या रुग्णाला आठवड्यातून दोनदा १.४ मिळाला, तर तो या मापावर २.१ च्या बराच खाली राहतो.

दोनदाचे वेळापत्रक आपल्याकडे अनेकदा वैद्यकीय कारणाने ठरत नाही; पैसे, अंतर आणि मोकळी मशीन यांवरून ठरते. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांतून दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना मोफत डायलिसिस मिळते, आणि आयुष्मान कार्डावरही डायलिसिस होते. तिसऱ्या फेरीचा खर्च हीच अडचण असेल, तर या दोन्ही वाटा आधी विचारून पाहाव्यात. ते शक्य नसेल, तर प्रत्येक फेरी साडेचार ते पाच तासांची करता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. तेवढ्याने तिसऱ्या फेरीची भरपाई होत नाही, पण काही अंशी उपयोग होतो. लघवी होत असलेल्यांसाठी गणित वेगळे आहे. पुढील प्रश्न पाहावा.

११. अजून लघवी होते. ती या हिशेबात धरतात का?

धरतात, पण केवळ प्रमाण पाहून नव्हे. पाण्यासारखी अर्धा लिटर लघवी होऊनही त्यातून युरिया फारसा जात नाही, असे घडू शकते. त्यासाठी दोन डायलिसिसच्या मधल्या काळातील, किंवा किमान पुढच्या डायलिसिसपूर्वीच्या २४ तासांतील लघवी जमा करून तिच्यातील युरिया तपासतात आणि त्याच काळातील रक्ताच्या युरियाशी तुलना करतात. उदाहरणार्थ, २४ तासांत ६०० मिलिलिटर लघवी झाली, तिच्यातील युरिया ६०० आणि रक्तातील सरासरी १२० असेल, तर ६०० गुणिले ६०० भागिले १२०, म्हणजे ३,००० मिलिलिटर. त्याला दिवसातील १,४४० मिनिटांनी भागले की मिनिटाला २ मिलिलिटरच्या थोडे वर उत्तर येते. मूत्रपिंडांचे काम किमान २ मिलिलिटर असेल, तरच आठवड्यातून दोनदा डायलिसिस करण्याचा विचार केला जातो.

हे काम कालांतराने घटते, म्हणून मोजणी काही महिन्यांनी पुन्हा करावी लागते. वर्षापूर्वीच्या रिपोर्टवर आजही दोनदाच डायलिसिस चालू आहे, हे फार ठिकाणी दिसते. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या ही उरलेली लघवी लवकर बंद करू शकतात. त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

१२. आईचा केटी बाय व्ही १.८ आहे, तरी ती दिवसेंदिवस खंगते आहे. असे कसे?

प्रश्न ३ मधील भागाकार पुन्हा पाहिला की कारण लक्षात येते. खालची संख्या लहान झाली, तरी उत्तर वाढते. ३८ किलोच्या बाईच्या शरीरात पाणीच कमी असते, त्यामुळे तेच मशीन आणि तोच डायलायझर तिच्यासाठी मोठा आकडा दाखवतो. जेवण तुटल्यामुळे वजन घटत असेल, तर दर महिन्याला आकडा आपोआप ‘सुधारत’ जातो. म्हणून लहान चणीच्या आणि कृश रुग्णांच्या बाबतीत किमान मर्यादेवर समाधान मानू नये, असे अनेक तज्ज्ञ सांगतात.

अशा वेळी केटी बाय व्हीच्या शेजारी तीन गोष्टी पाहाव्यात: सहा महिन्यांतील ड्राय वेट, अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) आणि डायलिसिसपूर्वीचा युरिया. आधीचा युरिया ६०-७० इतकाच असणे हे पथ्याचे यश नसून प्रथिने पोटात जात नसल्याची खूण असू शकते. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी प्रथिने कमी खाण्याचा सल्ला दिलेला असतो आणि तो घरात वर्षानुवर्षे तसाच पाळला जातो. डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनांची गरज असते. सूनबाईंनी डाळ-अंडी बंद केली म्हणून त्यांना बोल लावू नयेत. बदललेला सल्ला त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचवलेलाच नसतो.

१३. श्रावणात उपवास असतात. त्या आठवड्यात तपासणी केली तर चालेल का?

युआरआर आणि केटी बाय व्ही हे प्रमाण दाखवतात, त्यामुळे उपवासाने आधीचा युरिया १४० वरून १०० वर आला, तरी या दोन आकड्यांवर फारसा परिणाम होत नाही. चिंता पोटॅशियमची असते. बटाटा, रताळे, राजगिरा, शेंगदाणे आणि नारळपाणी या उपवासाच्या सर्व पदार्थांत ते भरपूर असते. हिवाळ्यात सराफ्यातील गराडू या तळलेल्या कंदाचीही तीच गोष्ट. सैंधव मीठही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते, आणि ‘लो सोडियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात तर पोटॅशियम मिसळलेले असते, म्हणून ते डायलिसिसच्या रुग्णाने वापरू नये.

१४. या वेळी साडेचार लिटर पाणी काढले. म्हणजे डायलिसिस अधिक चांगले झाले का?

पाणी काढणे आणि रक्त साफ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साडेचार लिटर काढावे लागले, याचा अर्थ मधल्या दिवसांत तेवढे साठले, आणि एवढ्या वेगाने काढताना हृदयावर ताण येतो. ताशी दर किलोमागे १३ मिलिलिटरच्या वर जाऊ नये, हा नेहमीचा दंडक आहे. ५५ किलोच्या रुग्णासाठी चार तासांत तो जेमतेम २.८६ लिटर होतो. पाण्याचा आग्रह तहानेतून येतो आणि तहान मिठातून. पोह्यांवर शेव घातल्याशिवाय ज्या शहराची सकाळ होत नाही, तेथे पाण्याचे ग्लास मोजण्यापेक्षा शेवेची बरणी आधी उचलून ठेवावी.

१५. मशीनच्या पडद्यावरच केटी बाय व्ही दिसतो. मग रक्त कशाला द्यायचे?

काही मशीन डायलिसेटची विद्युतवाहकता क्षणभर बदलून, बाहेर पडणाऱ्या द्रवात ती किती बदलली यावरून सफाईचा अंदाज घेतात. काही मशीन बाहेर जाणाऱ्या द्रवावर अतिनील प्रकाश टाकून तोच हिशेब करतात. दर वेळी, सुई न टोचता आकडा मिळणे हा मोठा लाभ आहे आणि अचानक झालेली घसरण त्याच दिवशी कळते. मात्र वाहकतेवर चालणाऱ्या मशीनला ‘व्ही’ बाहेरून भरून द्यावा लागतो. मागच्या रुग्णाचे वजन तसेच राहिले, तर येणारा आकडा मागच्या रुग्णाच्या शरीराचा असतो. म्हणून पडद्यावरील आकडा रोजच्या लक्षासाठी आणि रक्ताची तपासणी महिन्याच्या खात्रीसाठी, असे दोन्ही ठेवावे.

१६. दिवाळीत पुण्याला मुलीकडे राहिलो. तेथील केंद्राने १.२ सांगितला, इंदुरात १.४ येतो. कोणावर विश्वास ठेवावा?

दोन्ही बरोबर असू शकतात. इंदुरातील आकडा बहुधा सिंगल पूल पद्धतीचा, म्हणजे डायलिसिस संपताक्षणीच्या नमुन्यावरचा असेल, आणि तेथील आकडा पेशींतून परतणारा युरिया धरून काढलेला असेल. दोहोंत साधारण ०.१५ ते ०.२ इतका फरक पडतोच. चार तासांच्या डायलिसिसमध्ये सिंगल पूलचा १.४ हा दुसऱ्या पद्धतीने १.२२ होतो. पद्धत एकच असल्याचे कळले, तर वेळ, पंपाचा वेग आणि डायलायझर यांची तुलना प्रश्न ८ प्रमाणे करावी. परगावी जाताना शेवटच्या तीन डायलिसिसच्या चार्टची छायाचित्रे मोबाइलमध्ये असली, की अर्धे प्रश्न उद्भवतच नाहीत.

१७. आकडा जितका जास्त, तितके आयुष्य जास्त का?

एका मर्यादेनंतर नाही. अमेरिकेत १,८४६ रुग्णांवर झालेल्या हिमो अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. त्यात एका गटाचा युआरआर सुमारे ६६ टक्के आणि दुसऱ्याचा सुमारे ७५ टक्के ठेवला होता. दोन्ही गटांच्या मृत्यूदरात लक्षणीय फरक आढळला नाही. स्त्रियांना अधिक मात्रेचा लाभ होत असावा, असे त्यातील पोटविश्लेषण सुचवते. युरियापेक्षा कितीतरी मोठे असलेले बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनसारखे रेणू, तसेच फॉस्फरस, यांची सफाई डायलायझरच्या प्रकारावर आणि एकूण तासांवर अवलंबून असते. खाज, अस्वस्थ पाय किंवा वाढलेले फॉस्फरस या तक्रारी चांगला केटी बाय व्ही असूनही राहतात, त्याचे एक कारण हे आहे.

१८. तपासणी किती दिवसांनी करावी?

स्थिर रुग्णात महिन्यातून एकदा, शक्यतो आठवड्याच्या मधल्या डायलिसिसला. डायलायझर, फिस्टुला किंवा वेळापत्रक बदलल्यास त्यानंतर लगेच.

१९. पोटाच्या डायलिसिसमध्ये हेच आकडे लागू होतात का?

नाव तेच असले, तरी मर्यादा वेगळी आहे. तेथे डायलिसिस रोज चालते, म्हणून पूर्ण आठवड्याचा केटी बाय व्ही काढतात आणि लघवीतून होणारी सफाई मिळवून तो किमान १.७ असावा असे धरतात. २४ तासांत पोटातून निघालेला सर्व द्रव आणि सर्व लघवी जमा करावी लागते. चार पिशव्यांचे ८ लिटर आणि वर निघालेले १ लिटर मिळून ९ लिटर द्रव झाला आणि त्यातील युरिया रक्ताच्या ९० टक्के असला, तर आठवड्याला सुमारे ५७ लिटर सफाई होते. शरीरातील पाणी ३३ लिटर असेल, तर १.७ येतो. एक पिशवी चुकून मोरीत ओतली गेली, तर पूर्ण दिवसाची जमवाजमव वाया जाते. पोटाचा पडदा क्रिएटिनिन आणि साखर किती वेगाने पार करतो, हे पाहण्यासाठी पीईटी ही वेगळी तपासणी असते आणि पिशव्यांचे वेळापत्रक तिच्यावरून आखतात.

२०. नमुन्याच्या दिवशीच बीपी उतरला आणि डायलिसिस अडीच तासांत थांबवले. तो रिपोर्ट धरावा की फेकून द्यावा?

तो त्या दिवसाचा खरा आकडा आहे, पण महिन्याचा प्रतिनिधी नाही. असे क्वचितच घडत असेल, तर पुढच्या डायलिसिसला नमुने पुन्हा घ्यावेत आणि पहिल्या रिपोर्टवर ‘१५० मिनिटे’ असे लिहून तो ठेवून द्यावा. महिन्यातून तीन-चार डायलिसिस अशी अर्धवट सुटत असतील, तर उलट पूर्ण झालेल्या एका दिवशीचा चांगला आकडा दिशाभूल करतो. तेव्हा डॉक्टरांना केटी बाय व्ही न दाखवता, गेल्या महिन्यातील प्रत्येक फेरीची प्रत्यक्ष मिनिटे, काढलेले पाणी आणि बीपी उतरण्याची वेळ यांचा कागद दाखवावा. ड्राय वेट चुकीचे ठरले आहे का, बीपीची गोळी डायलिसिसच्या सकाळी घेतली जाते का, किंवा हृदयाची तपासणी हवी का, हे त्यावरूनच ठरवता येते.